साखरबाई ऊर्फ नवसी

आमच्या रिफिलच्या कंपनीत नवसी सहा वर्षं कामाला होती, आणि सहाही वर्षं कागदावर ती साखरबाई होती. यात लपवाछपवी काही नव्हती. एक्क्याऐंशी साली साखरबाई पंढरी नावाची बाई न सांगता काम सोडून गेली आणि त्याच आठवड्यात उमरोळीकडच्या पाड्यावरून नवसी काम मागायला आली. मस्टर भगवंतकडे असायचं. नवं नाव चढवायचं म्हणजे नवा फॉर्म, नवा फंडाचा नंबर, शेठची सही. भगवंतने डोकं चालवलं.

"नाव तयारच आहे," तो तिला म्हणाला. "साखरबाई पुकारलं की हजर म्हणायचं."

नवसी हजर म्हणाली. तिला काम हवं होतं. नाव तिच्याकडे होतंच.

सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला शेठने मशीनची पूजा केली, पेढे वाटले आणि चौथ्या दिवशी गेटला कुलूप लावलं. पेढे मात्र चांगल्या खव्याचे होते. चार महिन्यांचा पगार थकलेला होता. शेठ तब्येतीसाठी मुंबईला गेले, ते बोईसरची हवा त्यांना पुन्हा कधीच मानवली नाही.

दीड वर्षाने कोर्टाने कंपनी दिवाळखोरीत काढली. मालमत्ता विकून देणी भागवायला लिक्विडेटर नेमला, आणि त्याच्या कार्यालयातला एक साहेब आमचे दावे लिहून घ्यायला आला. गेटपाशी सावलीत टेबल मांडलं. मी, हंसा, दहावी पास. म्हणून बायकांचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं.

साहेब बोलायला फार गोड. "पूर्वी बँक आधी जेवायची आणि कामगारांना उरलंसुरलं मिळायचं. आता कायदा बदललाय. तुम्ही आणि बँक एकाच पंगतीत!"

"मग पंगत कदी बसंल?" नवसीने विचारलं.

"आधी विक्री होईल. त्यातून विक्रीचा, कोर्टाचा, पहाऱ्याचा आणि आमच्या कार्यालयाचा खर्च वजा होईल. मग बसेल."

तर आम्ही बँकेच्या बरोबरीचे झालो. फरक एवढाच, की बँकेने वकील आणला होता आणि आम्ही डबे.

नवसीची पाळी आली. साहेबाने यादीवर बोट फिरवलं. "नवसी नावाची बाई नाही इथे."

"अवो, ही साखरबाय!" मागून दोघीतिघी ओरडल्या.

"मग नवसी कोण?"

"हीच की."

"आणि साखरबाई?"

"ती पण हीच."

साहेबाने चष्मा काढून पुसला. नवसी तीच होती, चष्म्यातून आणि चष्म्याशिवायही. "मस्टर कोण ठेवत होतं?"

भगवंत तिथेच उभा होता, त्याचाही पगार थकला होता. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. नंतर मी त्याला गाठलं तेव्हा म्हणाला, "लिहून दिलं तर खोटं मस्टर केलं म्हणून मीच आत जाईन. हंसा, तू शिकलेली आहेस, समजून घे." मी समजून घेतलं. नवसी शिकलेली नव्हती, तिला समजलं नाही.

साहेबाने उपाय सांगितला: "खऱ्या साखरबाईला घेऊन या."

खरी साखरबाई सापडायला दोन रविवार लागले. तिचा नवरा पंढरी तारापूरच्या कॉलनीत ड्रायव्हर होता आणि ती मागच्या आवारात मेथी निवडत बसली होती. बीडकडची बाई, आवाज खणखणीत. आम्ही सगळं सांगितलं. तिने जुडी खाली ठेवली.

"म्हणजे सहा वर्षं मी तिथं कामाला व्हते आन् मलाच पत्ता नाही?"

"हो."

"पगार वाढला का माझा?"

"दोनदा," मी म्हणाले. "उशिरा आल्याबद्दल एकदा मेमोसुद्धा मिळालाय."

"मला? मी कदीच उशिरा गेले न्हाई!" ती नवसीकडे रागाने वळली. "माझ्या नावानं जायचं तर येळेवर तरी जायचंस गं!"

नवसी खाली मान घालून म्हणाली, "पोर आजारी होतं, बाय. औंदा साळंत हाय."

साखरबाई उठली, तिने चहा टाकला, आणि कप नवसीच्या हातात देताना म्हणाली, "चल, येते मी. मी जे खरं हाय ते सांगते. खऱ्याला काय भ्यायचं?"

ही तिची चूक.

पुढच्या तारखेला ती नवी साडी नेसून आली. मी दोन्ही नावांनी फॉर्म भरून ठेवले होते. साहेबापुढे शपथेवर सांगितलं: एक्क्याऐंशीनंतर मी या कंपनीत पाऊल ठेवलेलं नाही, काम हिनं केलं. सातवी शिकलेली, खाली ठसठशीत सही केली. साहेब तिच्या प्रामाणिकपणावर खूश झाला. त्याने साखरबाईच्या दाव्यावर लिहिलं, 'कामावर नव्हती, सबब नामंजूर.' मग नवसीच्या दाव्यावर लिहिलं, 'नोंद नाही, सबब नामंजूर.' दोन्ही निर्णय अगदी बरोबर होते. सहा वर्षं त्या खुर्चीवर कोणीच बसलं नव्हतं आणि रिफिली आपोआप भरल्या जात होत्या.

"अन् काम कुणी केलं? तुमच्या आज्ज्यानं?" साखरबाई कडाडली. "मग लिहा, मीच व्हते कामावर!"

"आता कसं, बाई? शपथ झाली."

मी नवसीचा हात धरून तिला बाजूला घेत होते. वाटलं, रडेल. तिने हात सोडवून घेतला, टेबलापाशी गेली आणि आपला अंगठा साहेबाच्या नाकासमोर धरला.

"सायेब, पगाराच्या वहीत तिकिटावर अंगठा हाय ना? दर म्हयन्याला लावलाय. ही तर सई करते. मग त्यो अंगठा कुनाचा? लावून बगा."

साहेबाने चष्मा सारखा केला. बँकेचा वकीलही अंगठ्याकडे बघू लागला. सहा वर्षांचे सत्तरेक अंगठे त्या बंद गेटच्या आत, ऑफिसच्या कपाटात होते.

कपाटाला सील होतं. सील फोडायला कोर्टाचा हुकूम लागत होता. हुकूम यायला चौदा महिने लागले, कारण हुकुमाला घाई नव्हती, घाई नवसीला होती. ती तोवर वीटभट्टीवर जाऊन आली, दोन पावसाळे आपला शेताचा तुकडा लावून आली. उघडलं तेव्हा अर्ध्या वह्या वाळवीने वाचून संपवल्या होत्या. उरलेल्यांवर अंगठे होते. मग ठसेतज्ज्ञ आला. त्याने भिंगातून पाहिलं आणि जे पॅकिंगमधल्या चाळीस बायका पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होत्या तेच इंग्रजीत लिहून दिलं. त्याची फी सातशे रुपये. ती अर्थातच खर्चात, म्हणजे पंगतीच्या आधी.

दावा मंजूर झाला. साखरबाई ऊर्फ नवसी, तीन हजार नऊशे रुपये. त्या दिवशी साखरबाई तारापूरहून मुद्दाम आली आणि दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. नवसी मला सारखी विचारत होती, "माजं नाव खरंच लिवलंय? दाव." मी तीनदा दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिसऱ्यांदा तिने त्यावरून बोट फिरवलं.

पैसे चौऱ्याण्णव साली आले. जागा, मशिनी, भंगार, सगळं विकून, खर्च जाऊन, बँकेच्या शेजारी बसून, रुपयाला सतरा पैसे. नवसीचे सहाशे त्रेसष्ट. तज्ज्ञाला तिच्याहून सदतीस रुपये जास्त मिळाले होते, आणि तेही तीन वर्षं आधी. शेठ तोवर गुजरातेत सुनेच्या नावाने बॉलपेन काढत होते. तब्येत उत्तम.

चेक देण्याआधी साहेबाने पावती पुढे केली.

"काय लिवलंय, हंसाबाय?"

मी वाचलं. "माझा संपूर्ण हिशेब मिळाला असून माझे पूर्ण समाधान झाले आहे."

"माजं नाय झालं."

"ते छापीलच असतं, बाई," साहेब समजुतीने म्हणाला. "सगळ्यांचंच होतं."

"नाय झालं तर?"

"तर चेक परत जाईल."

नवसी मला म्हणाली, "तू पेनानं खाली लिव, की ह्ये खोटं हाय." मी साहेबाकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता. मी बारीक अक्षरात लिहिलं, 'समाधान झालेले नाही.' नवसीने त्याच्या शेजारी अंगठा दाबला, चेक घेतला, चोळीत खोचला आणि आम्ही बाहेर रिक्षा बघायला लागलो.