वाट्याला आलेली एकच शाळा

मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं की फेबियन सरांचं जेवणातलं लक्ष उडायचं. चिंचोटीच्या डोंगराखालच्या विनाअनुदानित शाळेचे ते मुख्याध्यापक. आठवी ते दहावीचे वर्ग ते आणि विनयाबाई दोघंच वर्षानुवर्षं जवळजवळ बिनपगारी ओढत होते. नंदाखाल गावात केळीची वाडी होती म्हणून सरांचं घर चालत होतं. "यंदा अनुदान मिळणारच," असं ते दरवर्षी बायकोला, सेलिनला, सांगायचे. अलीकडे तिनं विचारणंच सोडलं होतं.

दोन हजार दोन साली आमदारांनी सरांना आणि विनयाबाईंना मुंबईला बोलावून घेतलं.

"अर्थखात्यानं अनुदानाच्या शाळांचा आकडा निम्म्यावर आणला," आमदार म्हणाले. "खूप घासाघीस केली. माझ्या वाट्याला एकच आली. ती बाजारातली धरली. तिथं पट मोठा."

"आणि मतंही," विनयाबाई म्हणाल्या.

आमदार रागावले नाहीत. "तेही आहेच, बाई. पण तुम्हाला वाऱ्यावर सोडत नाही. तिथं दोन शिक्षक लागतील, तुम्ही दोघं या. फक्त, मुलं येत नाहीत म्हणून आम्हीच शाळा बंद केली, असं लिहून द्यायचं. उद्या सभागृहात कुणी प्रश्न विचारला तर उत्तर हवं ना."

"मुलं येतात, साहेब," विनयाबाई म्हणाल्या. "पाड्यांवरच्या मुली चालत येतात."

सर खाली बघत होते. त्यांना सेलिनचं गप्प राहणं आठवलं, कॉलेजात जाऊ पाहणारी लेक जेनिफर आठवली. "ठीक आहे, साहेब," ते म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

परतताना विनयाबाई गाडीत वेगळ्या बाकावर जाऊन बसल्या.

पालकांना सांगायचं काम सरांवरच आलं. शाळेच्या ओसरीवर जमलेल्या माणसांसमोर ते उभे राहिले. "सरकारनं अनुदान दिलं नाही. शाळा बंद होणार." आपल्याला दुसरीकडे नोकरी मिळाली, हे त्यांनी सांगितलं नाही.

"मंग पोरींनी कुठं जायचं, सर?" पाड्यावरच्या नथूनं विचारलं. त्याची यमुना नववीत पहिली आली होती.

"हायवेपलीकडे आहे ना शाळा."

"त्या ट्रकांतून? कोन सोडील पोरीला?" नथू उठला. "बरं झालं सांगितलंत. वीटभट्टीवर हात कमीच पडतात."

यमुना बापामागं निघाली. सरांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा ते दोन पावलं मागं सरले.

विनयाबाईंनी नवी नोकरी घेतली नाही. जूनमध्ये त्या सरांकडे आल्या. "मोठा फळा हवाय. नथूच्या अंगणात वर्ग घेते." सरांनी एका बाजूनं फळा उचलला, टेम्पोत चढवला. "मी रविवारी येत जाईन," ते म्हणाले. विनयाबाईंनी मान हलवली.

सर एकदाही गेले नाहीत. नव्या शाळेत पगार वेळेवर मिळू लागला. जेनिफर कॉलेजात गेली, सेलिन पुन्हा बोलू लागली.

दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटल्या आणि पाडे रिकामे झाले. नथूही बिऱ्हाड घेऊन भिवंडीकडच्या भट्टीवर गेला. अंगणातला वर्ग मोडला. विनयाबाई नवऱ्याच्या गावी चिपळूणला निघून गेल्या, हे सरांना शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना कळलं.

"चांगल्या होत्या बाई," कुणीतरी म्हणालं. "हट्टी फार."

सरांनी कप खाली ठेवला. तास व्हायला अवकाश होता, तरी ते उठून वर्गावर गेले.