सावलीतल्या तीन बाटल्या

"नाल्यात निळं पाणी सोडणं आठ दिवसांत थांबवा, नाहीतर कारखान्याला कुलूप," असं प्रदूषण तपासणीचे साहेब माझ्या रंगाच्या कारखान्यात येऊन बजावून गेले, तेव्हा माझ्या तोंडचं पाणीच पळालं. सुताच्या लडी रंगवण्याखेरीज मला काही येत नाही. या वयात मला कामावर कोण ठेवणार?

माझी भाची मात्र खुशीत. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि आमच्याच माडीवर राहते. "मामा, आठ दिवस पुष्कळ झाले," असं म्हणून तिने कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून टोपलीभर संत्र्याच्या साली आणल्या. त्या वाळवल्या, कुटल्या, पाण्यात कालवून घट्ट झाकणाच्या पोलादी डब्यात भरल्या आणि डबा दिवसभर भट्टीत ठेवला. गाळल्यावर निघालं चहासारखं तांबूस पाणी. त्यात म्हणे कार्बनचे कण होते, सुईच्या टोकावर लाखो मावतील इतके बारीक, आणि ते रंग मोडून टाकतात.

"चाळीस वर्षं मी रंग पक्का करतोय, तो तुझ्या साली मोडणार?" मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला!

साहेब यायच्या दिवशी सकाळी तिने कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीतल्या निळ्या पाण्याच्या तीन बाटल्या गच्चीवर मांडल्या. दोन बाटल्यांत ते तांबूस पाणी घातलं, तिसरी तशीच. "हात लावू नकोस," असं मला दटावून ती कॉलेजला गेली.

नऊ वाजता मी वर गेलो, तर बाटल्या रणरणत्या उन्हात! रंगीत माल सावलीत ठेवायचा, हे वडिलांनी मला कान पिळून शिकवलेलं. पोरगी घाईत विसरली असेल. माझे हात शिवशिवले. तिन्ही बाटल्या जिन्यात आणल्या, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि बाराला दहा कमी असताना परत जागच्या जागी ठेवल्या. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

बाराला साहेब आणि भाची बरोबरच वर आले. तिन्ही बाटल्या निळ्याशार.

"तीन तास ऊन मिळूनही काहीच नाही?" तिने एक बाटली उचलून उजेडाकडे धरली. "उन्हाशिवाय हे कण काम करत नाहीत, म्हणून तर इथे ठेवल्या!"

साहेबांनी पेन उघडलं. पोरीचे डोळे भरलेले मला बघवेनात.

"साहेब, तिचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "बाटल्या मी सावलीत नेल्या होत्या."

भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जिन्याच्या दिशेने सरकलो. साहेबांनी मात्र पेन मिटलं. "शेजारचे दोन कारखाने बघून तीनला येतो. तोवर होऊ द्या काय होतंय ते."

मग मी बाटल्यांपाशी ठाण मांडलं. बायकोने जेवायला हाका मारल्या, हललो नाही; शेवटी ताट घेऊन तीच वर आली. एकपर्यंत फरक नव्हता. दोनला दोन बाटल्या फिकटल्या. तीनला त्यांच्या पलीकडे धरलेला पेपर वाचता येत होता. तिसरी निळीच.

साहेब आले, निरखून म्हणाले, "उन्हाने विटला असेल रंग."

माझं टाळकंच सरकलं. "माझा रंग? उन्हाने? ती तिसरी बाटली बघा! तीही तेवढाच वेळ उन्हात होती. माझा रंग महिनाभर उन्हात ठेवा, विटणार नाही!"

"मग सकाळी सावलीत कशाला नेला होता?"

बायको आधी फिसकन हसली, मग भाची, मग साहेबही.

"जित्याची खोड, साहेब," मी कसाबसा म्हणालो.

साहेबांनी अख्खी टाकी स्वच्छ करून दाखवायला तीन महिने दिले. ते गेल्यावर मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मामा, टाकीवर तर पत्रे आहेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून मी ते पत्रे उतरवले. रंगाला ऊन लागू नये म्हणून वीस वर्षांपूर्वी ते मीच चढवले होते.