पडद्याचे पैसे

पडद्याचा आकडा रुळात अडकला होता. तो सोडवताना पर्सरबाईंचं बोट चांगलंच कापलं. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने पडदा ओढून पाहिला. तो अर्ध्यापर्यंत सरकला आणि पुन्हा अडला.

"याला एकदा कडक शिव्या दिल्या पाहिजेत," धाकटी म्हणाली. हवाईसेविकांमध्ये ती सर्वांत नवी होती.

"शिव्या देऊन झाल्या. आता रक्तही दिलं. अजून काय नैवेद्य हवाय कोण जाणे."

पर्सर म्हणजे विमानातल्या सेवकवर्गाची मुकादम. इतक्या वर्षांत बाईंना त्या पडद्याचा मनापासून कंटाळा आला होता. लांबच्या प्रवासात पुढच्या वर्गाला काही अर्थ होता, खुर्चीचा पलंग तरी व्हायचा. इथे सगळा पाऊण तासाचा मामला. खुर्च्या पुढे-मागे सारख्याच. पहिल्या रांगांमधल्या मधल्या खुर्चीवर कडक प्लास्टिकचं एक तबक बसवायचं, म्हणजे तिथे कोणी बसत नाही, आणि मागे पडदा ओढायचा, की झाला बिझनेस क्लास. बाईंचे यजमान त्याला औट घटकेचं राज्य म्हणत. बाईंनी एकदा हिशेब करून त्यांना दाखवलं होतं, की घटका चोवीस मिनिटांची आणि औट म्हणजे साडेतीन, तेव्हा औट घटका चौऱ्याऐंशी मिनिटांची झाली. आमचं राज्य तेवढंही टिकत नाही.

मागच्या भागात मात्र युद्धं चालत. खुर्चीच्या हातावर कोपर कोणाचं ठेवायचं यावरून गेल्याच आठवड्यात दोन चांगले शिकलेले गृहस्थ एकमेकांना भिडले होते. एकाचा दात दुसऱ्याच्या सँडविचमध्ये सापडला. तो दात कागदी रुमालात गुंडाळून परत करण्याचं काम स्टुअर्डने केलं होतं. स्टुअर्ड काटकुळा होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

आज पुढच्या वर्गात दोनच प्रवासी होते. एक नेहमीचे ब्रीफकेसवाले. दुसरी तिशीतली एक बाई, पहिल्या रांगेत, खिडकीशी. ती लाउंजमधून छोट्या गाडीने थेट पुढच्या शिडीपाशी आली होती. बाकीचे प्रवासी अजून बसमध्ये होते. तिच्याजवळ खांद्यावरच्या पर्सखेरीज सामान नव्हतं. काठोकाठ भरलेलं भांडं सांभाळावं तशी ती खुर्चीत टेकली. पट्टा लावला, पण पट्टा आणि पोट यांच्यामध्ये, कुशीपाशी, तळहात धरून ठेवला.

दिवस गेले असावेत, पर्सरबाईंना वाटलं.

"या दाराने आम्हीच ना फक्त?" तिने विचारलं.

"हो. बाकीचे मागच्या शिडीने चढतात."

"आणि हा पडदा?"

"वर गेलो की लावू."

"आत्ता नाही लावता येणार?"

"उडताना आणि उतरताना उघडा ठेवायचा नियम आहे."

"उतरल्यावर मी पहिली ना?"

"पहिली रांग आधी उतरते. तुमच्या आधी माशीसुद्धा बाहेर जायची नाही."

ती हसली नाही. "भाऊ बाहेर उभा आहे," एवढंच म्हणाली.

पहिल्यांदाच पुढे बसणारे असे पै न् पै वसूल करतात, हे पर्सरबाईंना सवयीने ठाऊक होतं. त्या पलीकडे वळल्या. ब्रीफकेसवाले आपली बॅग वरच्या कप्प्यात ठोसे मारून बसवत होते.

"काय बाई, एकदा खरं सांगून टाका. एवढ्याशा प्रवासाला हे जास्तीचे पैसे द्यावेत का माणसाने?"

"तुमचे कंपनी देते."

"समजा, मीच दिले."

"मग देऊ नका. खुर्ची तीच, इंजिन तेच, हवा तीच. मधे एक रिकामी जागा आणि मागे एक फडकं. त्या फडक्याचे पैसे."

ब्रीफकेसवाले खो खो हसले. खिडकीतल्या बाईने मान वळवून पडद्याकडे पाहिलं, मग पर्सरबाईंकडे. काहीतरी विचारायचं असावं तसे तिचे ओठ हलले. पण तेवढ्यात मागच्या दाराने माणसं चढायला लागली आणि पर्सरबाई तिकडे गेल्या.

विमान वर गेलं. पट्ट्यांचा दिवा विझला तसा पर्सरबाईंनी पडदा ओढला. या वेळी तो मुकाट्याने सरकला. पुढच्या छोट्या स्वयंपाकघरात त्यांनी कॉफीचं भांडं भरून घेतलं. विमानातल्या हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी शंभरावर उकळत नाही, नव्वदीतच उकळायला लागतं. पण कातडी सोलायला तेवढं पुरे होतं. म्हणून कप नेहमी पाऊणच भरायचा, हा बाईंचा कायदा. नव्या मुलींना त्या हे पहिल्या दिवशी शिकवत, आणि मुली पाठीमागे त्यांना पाऊणकप म्हणत. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंच्या हातून कोणी भाजलं नव्हतं.

पडद्याच्या फटीत एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, हलका आवाज.

"मॅडम, एक विनंती होती. पहिल्या रांगेत माझी बायको आहे."

"तुम्ही मागे आणि त्या पुढे?"

"रुसून निघालीय माहेरी. मी शेवटच्या क्षणी तिकीट काढलं. तिला माहीत नाही मी आलोय ते. आज लग्नाचा वाढदिवस आहे आमचा." तो खाली मान घालून हसला. "दोन मिनिटं तिच्याशेजारी बसलो असतो."

"चूक कोणाची होती?"

"माझीच."

चूक आपली म्हणणारे नवरे पर्सरबाईंनी फार पाहिले नव्हते. नियम असा होता की मागच्याने पुढे यायचं नाही. पण पुढे होतं तरी काय? तबक ठेवलेली एक खुर्ची. नियम कसला आणि कौतुक कसलं. त्यांनी स्वतःच्या हाताने पडदा उचलून धरला.

"दोनच मिनिटं हं, जावईबापू."

"उपकार झाले," तो म्हणाला.

त्या कप मांडायला वळल्या. पहिला कप भरत असताना त्यांना आवाज आला. खिडकीच्या आतल्या प्लास्टिकवर काहीतरी टणक आपटत होतं. मधे थोडा थांबा, मग पुन्हा. तो थांबा ठरावीक होता. कोणीतरी घाई न करता काम करत असावं तसा.

त्या बाहेर आल्या. त्याने तबक उपटून मांडीवर ठेवलं होतं आणि तो मधल्या खुर्चीत बसला होता. एका हातात बायकोचे केस होते. तिचं डोकं तो खिडकीवर आपटत होता. दुसऱ्या हाताचं कोपर तिच्या कुशीत रुतवलेलं होतं, बरोबर तिथे, जिथे तिने तळहात धरला होता. तिथली बरगडी आधीच मोडलेली असली पाहिजे, हे पर्सरबाईंना त्या क्षणी कळलं, कारण ती ओरडत नव्हती. छातीत हवा घेतल्याशिवाय ओरडता येत नाही, आणि ती हवा घेऊच शकत नव्हती.

"भावाकडे जातेस," तो बोलत होता. आवाज अजून तितकाच हलका होता. "लाउंजमध्ये बसतेस. मला दाराशी अडवतात."

"सोडा त्यांना," पर्सरबाई म्हणाल्या.

त्याने वर न पाहता मांडीवरचं तबक त्यांच्याकडे फिरवलं. तबकाची कड मनगटावर बसली. आतून वाळकी काडी मोडल्यासारखं झालं. दुसरा फटका नाकावर आला आणि तोंडात रक्ताची चव पसरली. पलीकडे ब्रीफकेसवाले पाय वर घेऊन खुर्चीत आक्रसले होते. "अहो, कोणीतरी बोलवा कोणाला तरी," ते म्हणत होते.

तो आता बायकोचा गळा धरायला वळला. दोन्ही अंगठे त्याने नीट जागा शोधून लावले. तिच्या टाचा पुढच्या भिंतीवर आपटू लागल्या.

पर्सरबाई मागे फिरल्या. धडक्या हाताने त्यांनी कॉफीचं भांडं उचललं आणि पुन्हा बाहेर येऊन ते त्याच्या हातांवर आणि मानेवर ओतलं. पाऊण नाही, सगळं. शेवटचा थेंब पडेपर्यंत भांडं उलटं धरलं.

तो ओरडला तो माणसासारखा नव्हे. हात सुटले. त्याच्या मनगटाची कातडी ओल्या कागदासारखी सरकली. उठून तो पर्सरबाईंच्या अंगावर आला, त्यांना घेऊन पडद्यावर कोसळला, आणि अर्धे आकडे तटातट तुटून पडले. पलीकडून पैलवान धावत आला होता. त्याने कॉफीची रिकामी ट्रॉली ढकलत आणली ती थेट नवऱ्याच्या गुडघ्यांवर. मागच्या प्रवाशांतले दोघे त्याच्या पाठीवर बसले. प्लास्टिकचे बंध धाकटीनेच त्याच्या हातांभोवती आवळले, भाजलेल्या कातडीवरच.

"कातडीवर नको," पर्सरबाई सवयीने म्हणाल्या.

"असू दे," धाकटी म्हणाली, आणि आणखी आवळले.

त्याला शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. वैमानिकाने खाली पोलिसांना कळवलं. पर्सरबाईंनी मोडलेल्या मनगटाला आधार म्हणून मासिक गुंडाळून बांधून घेतलं आणि त्या खिडकीतल्या बाईपाशी गेल्या. तिचा एक डोळा मिटला होता. गळ्यावर दोन गोल डाग हळूहळू गडद होत होते. पर्सरबाईंनी बर्फ फडक्यात बांधून तिच्या हाती दिला. तिने तो डोळ्याला न लावता बरगडीशी धरला.

"मला वाटलं," पर्सरबाई बोलू लागल्या, "तो म्हणाला की लग्नाचा..."

"तो फार छान बोलतो," ती म्हणाली. प्रत्येक शब्दासाठी तिला वेगळा श्वास घ्यावा लागत होता. "डॉक्टरशीसुद्धा."

ब्रीफकेसवाले आता सावरले होते. "यासाठी का पैसे देतो आम्ही? मी तक्रार करणार आहे," ते म्हणाले.

"करा," पर्सरबाई म्हणाल्या. "माझं नाव बिल्ल्यावर आहे. रक्त पुसून वाचा."

उतरण्याआधी उरल्यासुरल्या आकड्यांवरचा पडदा एका बाजूला घ्यावा लागला. नियम होता. मधली वाट मागपर्यंत उघडी झाली आणि शेवटच्या रांगेतून त्याचा आवाज पुढे येऊ लागला. तो बायकोला हाका मारत होता. आधी शिव्या, मग गोड बोलणं, मग पुन्हा शिव्या. माणसं माना वळवून कधी मागे, कधी पुढे पाहत होती. पर्सरबाई दारापाशी आपल्या घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांचं तोंड प्रवाशांकडे होतं, त्यामुळे त्यांना सगळं दिसत होतं. खिडकीतली बाई ताठ बसली होती आणि प्रत्येक हाकेला तिचा खांदा किंचित आत जात होता.

विमान थांबलं. पुढच्या दाराला टर्मिनलमध्ये नेणारा बोगदा जोडला गेला आणि दार उघडलं तसे दोन पोलीस आत आले. त्यातला मोठा फौजदार होता.

"कुठाय तो?"

"शेवटच्या रांगेत."

"याच वाटेनं आणावा लागेल, मागं शिडी नाही लावलेली. सगळ्यांना बसवून ठेवा, त्याला आधी काढतो."

याच वाटेनं, म्हणजे तिच्या खुर्चीला घासून. ती उभी राहिली होती, पर्स छातीशी धरून. तिला पाऊल उचलवेना.

"थांबा साहेब," पर्सरबाई म्हणाल्या. "आधी या जातील."

"बाई, आरोपीला आधी न्यायचं असतं. तुमचा हात मोडलाय, तुम्ही बसा."

"पहिली रांग आधी उतरते."

"काय?"

"आमचा नियम आहे. त्यांनी त्याचे पैसे दिलेत."

फौजदाराने त्यांच्या नाकाकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे. त्याने टोपी सारखी केली आणि बाजूला सरला.

पर्सरबाईंनी पडदा ओढला. आकडा नेहमीच्या जागी अडकला. त्यांनी हिसडा दिला तसा तो कापड फाडून सुटला. उरलेली फट त्यांनी मुठीत आवळून बंद केली. मागचा आवाज थांबला नाही, पण तो माणूस दिसेनासा झाला.

ती दारापाशी पोचली आणि वळली. पर्सरबाईंना वाटलं, ती आभार मानेल, किंवा निदान शिवी देईल. दोन्हींची त्यांनी तयारी केली.

"तुम्ही फडकं म्हणालात ना," ती म्हणाली. "मी त्याचेच पैसे दिले होते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्याची वाट चुकली असेल तर सांगावं, तेवढंच. मग ती भिंतीला हात लावत बोगद्यातून चालू लागली.

"मी उतरू का आता?" ब्रीफकेसवाल्यांनी विचारलं. "मीही पुढच्याच वर्गातला आहे."

"तुम्ही थांबा."

"झालं का, बाई?" फौजदार म्हणाला.

"बोगदा वळतो तिथवर जाऊ द्या त्यांना."

मागे माणसं उभी राहिली होती. कोणीतरी पलीकडून पडद्याला बोटाने ढोसत होतं. पर्सरबाईंनी मूठ सोडली नाही. कापडाच्या कडेवर त्यांच्या बोटाचा सकाळचा डाग सुकून तपकिरी झाला होता. नेमक्या त्याच जागी पडदा धरून त्या उभ्या राहिल्या. बोगद्यातली पावलं हळू होती, आणि ती अजून ऐकू येत होती.