अमिषानं उशिरा उघडलेली कादंबरी

मी एक कादंबरी आहे; जाडजूड, जादूची आणि साहसाची. माझ्यात चंद्रा नावाची खलाशीण हरवलेल्या भावाला शोधत समुद्राखालच्या नगरात जाते. वाटेत अजगर आहे, उडते मासे आहेत, बोलके दगड आहेत. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण मी रटाळ नाही.

अलिबागच्या एका दुकानातून कल्पितानं मला नागावला आणलं. जेवणखाण विसरून तिनं माझा फडशा पाडला, शेवटच्या पानावर डोळे पुसले आणि मला घेऊन थेट शेजारच्या अमिषाकडे गेली. दोघी बालवाडीपासूनच्या मैत्रिणी.

"हे वाच गो. बाकी सगळं ठेव बाजूला."

"वाचते. पण हाय काय त्यात?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. वाडीत वाळलेल्या सुपाऱ्यांचा ढीग पडला होता आणि दोघी सोलायला बसत होत्या. या कामात हात गुंततात, तोंड मात्र मोकळं राहतं. कल्पितानं जी सुरुवात केली, ती ढीग संपेपर्यंत थांबलीच नाही. मी ओटीवर पडून ऐकत होते आणि माझा जीव खालीवर होत होता. बाई सगळंच सांगून मोकळी होत होती, वर पदरचं घालत होती ते वेगळंच! माझा अजगर तिनं चौलच्या तळ्यात आणून सोडला. माझ्यात चंद्रा भावाला सोडवून परत पाठवते आणि त्याच्या बदल्यात स्वतः खाली राहते. कल्पितानं तिला रेवदंड्याच्या बंदरात उतरवलं, आईला तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायला लावला.

मग अमिषा मला कशाला उघडेल? मी तिच्या कपाटात साड्यांखाली जाऊन पडले. कल्पितानं नंतर सुचवलेल्या कादंबऱ्याही एकेक करून माझ्या शेजारी आल्या, सगळ्या तशाच, अमिषानं न उघडलेल्या. दर हंगामात अमिषाच म्हणायची, "चंद्राची सांग ना गो."

"वाच की मेले कधीतरी. मग बोलू आपण."

"वाचते गो. घाई काय हाय?"

गेल्या वर्षी कल्पिताला कावीळ झाली आणि ती पोटात उतरली. दवाखान्यात अमिषा तिच्या उशाशी बसली होती; तिथलं बोलणं मी नंतर अमिषाच्याच तोंडून ऐकलं.

"आता तरी वाच," कल्पिता म्हणाली. "शेवट मी सांगितला तसा न्हाय. तुला पटायचा न्हाय. मग ये माझ्याशी भांडायला."

अमिषा हसली, हो म्हणाली. कल्पिता घरी आली नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी अमिषानं मला बाहेर काढलं. ओळीखाली बोट धरून, सावकाश, ती मला वाचत गेली. अजगर चौलला नाही हे कळल्यावर थोडी हिरमुसली. शेवटच्या पानावर मात्र तिचं बोट थांबलं. चंद्रा वर येत नाही, हे तिनं दोनदा वाचलं.

"असं कसं?" ती मोठ्यानं म्हणाली. मला तशीच हातात घेऊन तरातरा कुंपणापर्यंत गेली. पलीकडचं कल्पिताचं दार बंद होतं. मग तिच्या लक्षात आलं.

मला वाईट वाटतं ते एवढ्याचंच. माझी पानं मला बदलता येत नाहीत, चंद्राला वर आणता येत नाही. पण कुणी जीव तोडून एखादं पुस्तक वाच म्हणत असेल, तर तो माणूस हयात आहे तोवर ते वाचा. त्याला तुमच्याशी भांडायचं असतं. कल्पिता त्या भांडणाची किती वर्षं वाट पाहत होती.