तळातली पोरंबाळं

मी दिवसभर चिखलातले किडे बघते. नातेवाइकांना हे सांगायचं म्हणजे पंचाईत, म्हणून आई "ती प्रयोगशाळेत असते" एवढ्यावर भागवते. काम तसं साधं आहे. खाडीच्या तळाचा चिखल चाळायचा, चाळणीत उरलेले जीव बाटलीत भरायचे आणि मायक्रोस्कोपखाली ओळखून पाचांपैकी एका गटात बसवायचे. पहिल्या गटात नाजूक मंडळी, पाण्यात जरा घाण आली की गाशा गुंडाळणारी. पाचव्या गटात निर्लज्ज मंडळी, घाण जितकी जास्त तितकी त्यांची चंगळ. कोण किती सापडलं त्यावरून खाडीची तब्येत ठरते.

यंदा त्या तब्येतीवर बरंच काही अवलंबून होतं. खाडी बिघडलेली निघाली, तर वस्तीचं सांडपाणी सोडणारा नळ बंद होणार होता. पण पाणी सुधारेपर्यंत शिंपल्यांची विक्रीही बंद, आणि शिंपल्यांची शेती माझ्या थोरल्या भावाची. "दादा, थोडे दिवस सोसावं लागेल," मी म्हटलं होतं. "सोसू की," तो म्हणाला होता. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा.

नमुने त्याच्याच बोटीवरून घेतले. मला बोट लागते. किनारा सुटला की मी आडवी. त्यामुळे चिखल चाळायचं काम दरवर्षी दादाच करतो. चाळणी कशी धरायची, पाणी किती हलकं सोडायचं, सगळं मीच शिकवलंय. माझ्याहून नीट करतो, असं मी प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना कौतुकाने सांगायचे. जळलं मेलं ते कौतुक.

बाटल्या उघडल्या आणि मी हरखलेच. पहिल्या गटातले जीव थोडेच होते, पण एकाहून एक टपोरे. पाचव्या गटातला दोऱ्यासारखा किडा मात्र औषधालाही नाही. खाडी सुधारली की काय? मग दादाचंही नुकसान टळलं. दुपारपर्यंत मी गुणगुणत होते. मग एक गोष्ट खटकली. जे होते ते सगळे मोठे. एकाही जातीचं पिल्लू नाही. पुढच्या बाटलीतही नुसते बाप्ये. अख्ख्या खाडीत पोरंबाळंच नाहीत, असं कुठे असतं का?

पिल्लं बारीक आणि पाचव्या गटातले किडेही बारीक. मोठ्या भोकांच्या चाळणीतून दोघंही पाण्याबरोबर वाहून जातात.

दादा घरामागे शिंपल्यांचे दोर सोडवत बसला होता.

"चाळणी कुठली वापरलीस?"

"तू दिलेलीच."

"दादा."

त्याने हातातला दोर खाली ठेवला. "जाडी वापरली. शिंपले धुवायची."

"मला कळणार नाही असं वाटलं तुला?"

"कळेल असंच वाटलं होतं. हुशार आहेस तू. पण घरचं माणूस. म्हणून तर मॅडमना सांगितलं, यंदा तपासायला हिलाच द्या."

हे मला नवीन होतं. यंदाची तपासणी माझ्याकडे आली तेव्हा मी घरभर नाचले होते.

"मी डोळे झाकून विश्वास ठेवला तुझ्यावर."

"मग अजून थोडे दिवस झाकून ठेव."

"त्या नळाशी तुझीच पोरं पोहतात रे."

"पोहून कुणी मरत नाही. धंदा बसला तर उपाशी मरतील."

मी तिथेच उभी राहून मॅडमना फोन लावला. "यंदाचे नमुने बाद करा. चाळणी चुकीची होती."

"अगं, पण बदलली कुणी?"

दादा माझ्याकडे बघत होता. "माझ्याच हातून झालं" एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं, आणि मी तेच म्हणणार याची त्याला खात्री होती.

"माझ्या भावाने," मी म्हटलं.

त्याने असं पाहिलं, जणू काही केसाने गळा मीच कापलाय. मग दोर उचलून आत गेला आणि दार ओढून घेतलं.

"कोण आलंय?" आतून वहिनीने विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला.