शंभर येनच्या दुकानात न मिळणारा शिक्का

मागणीपत्राच्या तळाशी चार चौकोन होते. तीन सहीच्या शिक्क्यांनी भरले होते. रिवाजाप्रमाणे हाताखालच्यांचे शिक्के साहेबांच्या शिक्क्याकडे वाकलेले. चौथा चौकोन तपासनीस उगाजिन चिसेचा. तो रिकामा होता.

कोबेतली ही कंपनी मागणीबरहुकूम जनुकांचे तुकडे बनवून देई. मागणी घातक नाही ना, हे आधी प्रोग्राम तपासे, मग चिसे. आज प्रोग्रामने हिरवा दिवा दिला होता. पण तुकड्याची सुरुवात तिला ओळखीची वाटली, म्हणून तिने जुन्या फायली काढल्या. गेल्या महिन्यात एक तुकडा, त्याआधी एक. गिऱ्हाइकं निराळी, पत्ते निराळे. तिन्ही मात्र टोकाला टोक लागून जुळत होते. जुळवल्यावर पडद्यावर नाव उमटलं. देवीचा विषाणू. आजीच्या दंडावर त्याच्या लशीचा वण होता.

आधीच्या दोन्ही कागदांवर चिसेचाच शिक्का होता. छान वाकलेला.

"चारला पाकीट न्यायला गाडी येतेय," मात्सुनागासाहेब म्हणाले. "हिरवा आहे ना? मग घोडं कुठे अडलंय?"

"साहेब, प्रोग्राम एकेक मागणी सुटी बघतो. तिन्ही एकत्र बघा."

"तीन तुकड्यांनी रोग होत नाही, उगाजिनसान. उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका."

"बाकीचे दुसऱ्या कंपन्यांकडून मागवले असतील तर?"

"ते त्या बघतील."

चिसेने शिक्का उचलला आणि खिशात टाकला.

साहेब हसले. "समोर शंभर येनच्या दुकानात आडनावांचे शिक्के ढिगाने मिळतात. पाठवू कुणाला?"

"पाठवा की. सातो मिळेल, तानाका मिळेल. माझं उगाजिन मी शाळेपासून शोधतेय."

साहेबांचं हसू मावळलं. चार वाजता गाडी पाकिटाविनाच गेली.

"तुमची मर्जी," साहेबांनी एक परिपत्रक तिच्यापुढे सरकवलं. "तसंही सोमवारपासून शिक्के बंद. मंजुरी प्रोग्रामच देणार. पाकीट सोमवारी जाईल."

आज शुक्रवार. तिने आरोग्य खात्याचा नंबर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"नमस्कार," एक गोड आवाज म्हणाला. "मी खात्याचा तपासणी प्रोग्राम. मागणीपत्राचा क्रमांक सांगा."

तिने सांगितला.

"काळजी नसावी," आवाज म्हणाला. "हिरवा आहे."