देदा कुठेय?

दक्षिणेकडून मॉस्कोला जाणारी गाडी लुगोवायाच्या फलाटावरून सुटली, तशी ग्लाफिराने उकडलेल्या बटाट्यांच्या बादलीवर फडकं टाकलं. वळते तो काय, बाकापाशी एक चिमुरडी उभी. काळेभोर कुरळे केस, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. शेवटचा डबा वळणाआड गेला आणि पोरीने भोकाड पसरलं, "देदा! देदा!"

देदा म्हणजे आजोबा, हे रशियात शेंबडं पोरही जाणतं. फलाटावरच्या बायांनी लगेच सगळं जुळवलं. पोर आजोबांबरोबर निघाली असणार, म्हातारबुवांना डुलकी लागली असणार आणि ही कुणाच्या तरी मागोमाग खाली उतरली असणार.

"डुलकी कसली? ढोसून पडला असेल मेला," काकडीवाली न्यूरा म्हणाली.

स्टेशनमास्तर सावेलिच यांनी पुढच्या जंक्शनला फोन केला. गाडी आली की डब्याडब्यांत विचारा म्हणाले, कुण्या आजोबांची नात हरवलीय का. मग ते ग्लाफिराकडे वळले. "ग्लाशामावशी, निरोप येईपर्यंत हिला तुमच्या घरी न्या. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, तर पोलीस तिला शहरातल्या अनाथालयात पोचवतील. माझा इलाज नाही."

ग्लाफिराने पोरीला उचलून कडेवर घेतलं. लढाईच्या धामधुमीत ती स्वतः अशाच एका स्टेशनावर आईच्या हातून सुटली होती. मोठी झाली ती अनाथालयात. आई पुन्हा कधी दिसली नाही.

तिचं घर रुळांपलीकडेच होतं. पोर दूध पिईना, पोळीला हात लावीना. नाव विचारलं तर छातीवर बोट ठेवून तेवढं "माका" म्हणाली. बाकी सगळं बोलणं कुठल्याशा डोंगराळ मुलखातलं, अक्षर कळेना. ग्लाफिराने नवऱ्याला, येगोरला, पुढे ढकललं. "दाढी आहे ना तुला? हो घटकाभर आजोबा."

येगोर गुडघ्यांवर बसला. "ये गं बाळ, मी तुझा देदा."

त्याची दाढी बघून माकाने असा टाहो फोडला, की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

रडून रडून ती ग्लाफिराच्या मांडीवर झोपली. एप्रन मुठीत घट्ट धरलेला. झोपेतच गाल तिच्या छातीला घासत पुटपुटली, "देदा..."

"घ्या! आता तू आजोबा," येगोर हसला. "मिशा फुटल्या की काय तुला?"

ग्लाफिरा हसली खरी, पण तिच्या मनातून ते जाईना.

दुपार कलल्यावर ती माकाला घेऊन स्टेशनवर आली. सावेलिचनी मान हलवली. जंक्शनवर एकही म्हातारा सापडला नव्हता. इतक्यात मालगाडी थांबली आणि तिचा ड्रायव्हर नळावर पाणी भरायला उतरला. पाठमोरा, रुंद खांद्यांचा, डोक्यावर चपटी टोपी. माकाने ग्लाफिराचा हात झिडकारला, धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारली आणि ओरडली, "मामा! मामा!"

तो वळला. अनोळखी चेहरा बघून पोर हिरमुसली, मागे सरकली.

फलाटावर हशा पिकला. आईला मामा म्हणणारी सगळी माणसं ती. "अहो, मिशीवाली आई!" न्यूराने डोळे पुसले.

ग्लाफिरा मात्र तडक सावेलिचच्या खोलीत शिरली. "फोन लावा. म्हातारा शोधू नका म्हणावं, बाई शोधा."

"कुठली बाई?"

"हिची आई! अहो, त्या गड्याची नुसती पाठ बघून ती मामा म्हणाली. तसली पाठ आईची असते का कधी? हिच्या भाषेत बापाला मामा म्हणत असतील. आणि झोपेत मला चिकटून देदा म्हणाली. मग देदा कोण?"

"आणि चुकलं तर?"

"तर बटाट्यांची अख्खी बादली माझ्या डोक्यावर ओता!"

सावेलिचनी फोन लावला. पलीकडचा कारकून चाचरत म्हणाला, एक जॉर्जियन बाई केव्हाची इथे रडतेय. पण तिची मुलगी आईबरोबर होती आणि तुम्ही तर आजोबांबरोबरची सांगितलीत. म्हणून तिची वेगळी चौकशी मागच्या दुसऱ्या स्टेशनांवर चाललीय.

"फोन द्या तिला!" सावेलिच गरजले आणि त्यांनी रिसीव्हर माकाच्या कानाला लावला.

आतून एक फाटलेला आवाज आला. पोरीचे डोळे विस्फारले. "देदा!" ती किंचाळली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी आवळून खदाखदा हसायला लागली.

ऊन उतरता उतरता माकाची आई, एतेरी, लोकल गाडीने आली. काळा झगा, सुजलेले डोळे. गाडी पुरती थांबायच्या आधीच तिने उडी टाकली. मग कितीतरी वेळ मायलेकी फलाटावरच बसून राहिल्या. कुणी कुणाला सोडायला तयार नव्हतं. पोलीस आला होता, तोही टोपी काढून बाजूला उभा राहिला.

"मी डब्याच्या टोकाला गरम पाणी आणायला गेले होते," एतेरी मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाली. "आले तर जागा रिकामी. आमच्यात देदा म्हणजे आई. सगळ्यांना सांगत होते, पण रडण्यात माझं रशियनच हरवलं."

"जाऊ दे गं. आधी जेव," ग्लाफिरा म्हणाली.

घरी येगोरने बटाटे, लोणी, शेपू, सगळं पुढ्यात मांडलं. एतेरी सकाळपासून उपाशी होती. ती खातच राहिली, मधेच हसत, मधेच रडत. माका आता येगोरच्या दाढीची बट ओढून बघत होती. ग्लाफिरा पाणी आणायला म्हणून विहिरीवर गेली, रिकामी बादली कठड्यावर ठेवली आणि पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुऊन, पाणी भरून, गुणगुणत घरात आली.